मॉन्टगोमरी काउंटीची कचराभट्टी: बंद करावी की चालू ठेवावी?

रानजाई

मेरीलँडमधल्या मॉन्टगोमरी काउंटीत राहणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा. बाकीच्यांनीही लिहा, कारण प्रश्न सगळीकडचाच आहे.

आपण दर आठवड्याला घराबाहेर जो कचरा ठेवतो, तो डेरवुडच्या ट्रान्स्फर स्टेशनवर जातो. तिथे दाबून कंटेनरमध्ये भरतात आणि मालगाडीने साधारण १८ मैलांवर डिकरसनला नेतात. तिथल्या भट्टीत तो जाळून वीज करतात. भट्टी १९९५ पासून चालू आहे. ६०० टनांचे तीन बॉयलर, म्हणजे दिवसाला १८०० टनांची क्षमता. वीज सुमारे ५० मेगावॅट. उरलेली राख पुन्हा गाडीत बसून व्हर्जिनियाला जाते.

मार्क एल्रिच २०१८ मध्ये काउंटी एक्झिक्युटिव्ह, म्हणजे काउंटीचे निवडून आलेले प्रमुख झाले, तेव्हा ही भट्टी बंद करणार असं म्हणाले होते. चालवणाऱ्या कंपनीशी करार २०२६ ला संपणार होता, तो पुढे २०३१ पर्यंत वाढवला. कंपनी तीच, फक्त कोव्हान्टाचं नाव २०२४ मध्ये रीवर्ल्ड झालं. त्याच वर्षी मतदारांनी या पदाला दोन मुदतींची मर्यादा घातली, त्यामुळे एल्रिच यांना पुन्हा उभं राहता येत नाही. भट्टीचं काय करायचं हे आता पुढच्या माणसाच्या गळ्यात.

मला काउंटी कौन्सिलपुढे यावर तीन मिनिटं बोलायचं आहे. माझा कल बंद करण्याकडे. पण बंद केल्यावर कचरा कुठे जाणार असं विचारलं की सगळे 'झीरो वेस्ट' म्हणतात आणि पुढचा विषय काढतात. दोन्ही बाजूंनी पर्यावरणाचं नाव घेतलं जातं. ज्यांना यातलं खरंच कळतं त्यांनी सांगा, मी काय मागू?

टवाळभैरव

पहिला!

आधी वाटलं आमच्याच महापालिकेची बातमी आहे. मग 'बंद करणार असं म्हणाले होते, करार वाढवला' वाचलं आणि खात्रीच पटली.

बॉयलरवाला

अर्धं आयुष्य बॉयलरांत गेलंय, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

ट्रक किंवा कंटेनर जिथे रिकामा होतो तो मोठा खड्डा असतो, त्याला पिट म्हणतात. वर क्रेन. क्रेनवाल्याचं काम नुसतं उचलून टाकायचं नसतं, तो दिवसभर कचरा ढवळत असतो. एका ठिकाणी नुसता पुठ्ठा आणि दुसरीकडे ओली घाण असेल तर आग एकसारखी राहत नाही. चांगला क्रेनवाला म्हणजे निम्मी भट्टी. मग सरकत्या जाळीवर कचरा पुढे जात जात जळतो, तापमान हजार अंशांच्या आसपास, त्या उष्णतेची वाफ, वाफेवर टर्बाइन.

आता मेख. कचऱ्यात पीव्हीसी असतं, मीठ असतं, त्यातून क्लोरीन येतो आणि तो बॉयलरच्या नळ्या खातो. म्हणून वाफ फार तापवता येत नाही. कोळशाच्या चांगल्या केंद्रात पस्तीस-चाळीस टक्के उष्णतेची वीज होते, इथे वीस-पंचवीसच्या पुढे गेलात तर नशीब. एका टनातून साडेपाचशे युनिटच्या आसपास धरा. अशा भट्टीकडे वीजकेंद्र म्हणून बघितलं तर ते भिकार वीजकेंद्र आहे. कचऱ्याची विल्हेवाट लावणारं यंत्र आहे आणि जाताजाता वीज देतं, असं बघितलं तर ठीक. आकारमान नव्वद टक्क्यांनी कमी होतं, वजनाच्या पाव भाग राख उरते, राखेतून लोखंड वेगळं काढून विकतात.

धुराचं म्हणाल तर नायट्रोजन ऑक्साइडसाठी अमोनिया किंवा युरिया, आम्लासाठी चुना, पारा आणि डायॉक्सिनसाठी कार्बनची पूड, शेवटी कापडी पिशव्यांची गाळणी. १९८० च्या आधीच्या भट्ट्या आणि या यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. शून्य नाही, पण फरक आहे.

मोशीकर

बॉयलरवाला, मस्त प्रतिसाद.

आमच्याकडे पिंपरी-चिंचवडच्या मोशीत असाच प्रकल्प आहे. १ ऑगस्ट २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. दिवसाला ७०० टन, १४ मेगावॅट. कागदावर भागाकार करून बघितला: मोशीत टनामागे २० किलोवॅट, डिकरसनला २८ च्या जवळपास. तिकडचा कचरा पुठ्ठा-प्लास्टिकचा, आपला भाजीच्या देठांचा आणि नारळाच्या करवंट्यांचा. चुलीत ओलं सरपण घातल्यावर आधी पाणीच उडत बसतं, तसं. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये डेन्मार्कच्या तंत्राची भट्टी उभारली होती, ती २१ दिवस चालली म्हणे पूर्ण जोमात आणि मग बसली. कारण हेच, कचऱ्याला आगच धरेना.

निव्वळ_वाचक

वाचतोय. +१ मोशीकर.

फेअरफॅक्सची_वैनी

रानजाई, नदीच्या अलीकडे आमच्याकडेही आहे. फेअरफॅक्स काउंटीत लॉर्टनला, दिवसाला ३००० टनांची, म्हणजे तुमच्याहून मोठी. वॉशिंग्टन डीसीचाही कचरा तिथेच येतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिला मोठी आग लागली आणि कित्येक महिने बंद होती. त्या काळात कचरा कुठे गेला? ट्रक भरभरून लँडफिलला, म्हणजे कचरा पुरायच्या जागेला. आकाश कोसळलं नाही, पण रस्त्यावर ट्रक दिसायला लागले तसे भट्टी नको म्हणणारेही जरा गप्प झाले.

तुमच्याकडे पण डिसेंबर २०१६ मध्ये पिटमध्ये आग लागली होती ना? आठवडा उलटला तरी धुमसत होती.

पूल्सव्हिलकर

वैनी, ती आग आठवते, कारण मी भट्टीपासून काही मैलांवर राहतो. वास घरात येत होता आणि 'घाबरण्याचं कारण नाही' अशी पत्रकंही घरात येत होती.

रानजाई, तुम्ही जर्मनटाऊनच्या का? मग एक विचारतो, राग मानू नका. १९८० मध्ये काउंटीने उत्तरेची ९३ हजार एकर जमीन शेतीसाठी राखून ठेवली, त्याचा सगळ्यांना अभिमान. शनिवारी शुगरलोफवर चढायला येता, येताना भोपळे घेता, फोटो काढता. त्याच राखीव पट्ट्यात भट्टी, तिथेच पालापाचोळ्याचं कंपोस्ट, तिथेच काउंटीने भविष्यातल्या लँडफिलसाठी जागा घेऊन ठेवलेली, आणि शेजारी कोळशाचं वीजकेंद्र होतं ते २०२० मध्ये एकदाचं बंद झालं. बेथेस्डाचा कचरा बेथेस्डात का जाळत नाहीत? तिथल्या घरांच्या किमती विचारा म्हणजे कळेल.

शुगरलोफचे नागरिक भट्टी बांधायच्या आधीपासून विरोध करताहेत. ही सगळी माणसं काही वेडी नाहीत.

टवाळभैरव

बेथेस्डात भट्टी बांधली तर तिच्या चिमणीलाही व्हॅले पार्किंग लागेल.

गावकूस

पूल्सव्हिलकर, तुमचं वाचून फुरसुंगी आठवली. माझं आजोळ तिकडचं. पुण्याचा कचरा उरुळी देवाचीच्या डेपोत वर्षानुवर्षं पडत आला. विहिरीचं पाणी पिवळं. उन्हाळ्यात आजी जेवताना ताटावर पंचा धरून बसायची, माश्यांमुळे. गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या की दोन दिवसांत पुण्यात ढीग लागायचे, पेपरात 'पुणेकर वेठीस' असा मथळा यायचा. वेठीस कोण होतं हे ज्याने त्याने ठरवावं.

म्हणून मला भट्टी वाईट वाटत नाही. निदान डोंगर तरी होत नाही.

अणुरेणू

इथे एक गोष्ट सुटतेय. भट्टी विरुद्ध लँडफिल या वादात दोन्ही बाजू अहवाल काढून दाखवतात आणि दोन्ही अहवाल आपापल्या जागी बरोबर असतात. कारण गृहीतकं वेगळी.

लँडफिलमध्ये खरकटं कुजलं की मिथेन. मिथेनची तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत १०० वर्षांवर मोजली तर २८ पट, २० वर्षांवर मोजली तर ८० च्या घरात. आता लँडफिलमधला किती मिथेन नळ्यांनी पकडला जातो हे कोणी ५० टक्के धरतं, कोणी ७५. या दोन आकड्यांवर निकाल फिरतो.

उलट बाजूने, टनभर कचरा जाळला की जवळपास टनभर कार्बन डायऑक्साइड. त्यातला निम्म्याच्या आसपास प्लास्टिकचा, म्हणजे थेट जमिनीखालच्या तेलाचा. तेच प्लास्टिक लँडफिलमध्ये गेलं असतं तर शेकडो वर्षं नुसतं पडून राहिलं असतं. एवढा वायू सोडून युनिटं मिळणार साडेपाचशे, त्यामुळे दर युनिटमागे ही वीज कोळशापेक्षाही काळी ठरू शकते.

आणि ही वीज मेरीलँडने २०११ मध्ये सौर आणि पवन ऊर्जेच्या पंगतीत पहिल्या वर्गात बसवली होती. म्हणजे ग्राहकांच्या बिलातून तिला हरित ऊर्जेचे पैसे. २०२५ च्या अधिवेशनात विधिमंडळाने तिला तिथून उठवली. उशिरा का होईना.

बॉयलरवाला

अणुरेणू, कोळशाशी तुलना करताना तो कचरा नाहीतर कुठे गेला असता तेही धरावं लागतं. कोळसा खाणीत राहिला असता, कचरा राहत नाही. बाकी पटलं.

अणुरेणू

धरा ना, अवश्य धरा. म्हणूनच वर म्हटलं, गृहीतक.

थंडगार

स्वीडनहून लिहितोय. इथे घरगुती कचऱ्यातला एक टक्कासुद्धा लँडफिलला जात नाही. निम्म्याच्या आसपास जाळतात आणि भट्ट्या रिकाम्या राहू नयेत म्हणून बाहेरून कचरा विकत... चुकलं, पैसे घेऊन आणतात. कोपनहेगनला तर भट्टीच्या छतावर स्की करतात. माझा मुलगा करून आलाय. अमेरिकेला एवढं का जमू नये?

बॉयलरवाला

थंडगार, तुमच्याकडे भट्टीची वाफ वीज करून झाल्यावर शहरभर नळांनी घरं तापवायला जाते. त्यामुळे जी उष्णता इकडे कूलिंग टॉवरमधून हवेत सोडतात, ती तुमच्याकडे विकली जाते. डिकरसनच्या आसपास तापवायला काय आहे? गाई आणि पूल्सव्हिलकर.

पूल्सव्हिलकर

गाईंना विचारून सांगतो.

टवाळभैरव

_डिकरसनच्या आसपास तापवायला काय आहे?_

पूल्सव्हिलकर ऑलरेडी तापलेले आहेत :फिदी:

आकडेमोड

सगळे धुराबद्दल बोलताहेत, मी पैशाबद्दल बोलतो. काउंट्या धुराने मरत नाहीत, कर्जाने मरतात.

पेनसिल्व्हेनियाची राजधानी हॅरिसबर्ग. जुनी भट्टी, तिची डागडुजी फसली, डागडुजीसाठी काढलेलं कर्ज फेडायला आणखी कर्ज. बोजा ३० कोटी डॉलरच्या वर गेला. ऑक्टोबर २०११ मध्ये शहराच्या कौन्सिलने दिवाळखोरीचा अर्ज केला, तो कोर्टाने फेटाळला तो भाग वेगळा. २०१३ मध्ये ती भट्टी शेजारच्या लँकेस्टर काउंटीच्या कचरा प्राधिकरणाने घेतली.

दुसऱ्या टोकाला फ्लॉरिडातली पाम बीच काउंटी. २०१५ मध्ये ६७ कोटी २० लाख डॉलर खर्चून दिवसाला ३००० टनांची नवी कोरी भट्टी. वीस वर्षांत देशात उभी राहिलेली पहिली. ती चालतेय. आणि तुमच्या शेजारची फ्रेडरिक काउंटी? कॅरल काउंटीबरोबर भट्टी बांधायचं वर्षानुवर्षं घोळत बसले आणि २०१४ मध्ये सगळं रद्द.

मॉन्टगोमरीचं वेगळेपण हे की भट्टी जुनी असली तरी बांधकामाचं कर्ज डोक्यावर नाही. म्हणून ती 'स्वस्त' दिसते. पण तीस वर्षांच्या बॉयलरला २०३१ च्या पुढे न्यायचं तर मोठा खर्च आहे, आणि एकदा तो केला की वसूल करायला आणखी पंधरा-वीस वर्षं भट्टी चालवावी लागणार. रानजाई, खरा निर्णय तो आहे. बंद करायची का हा प्रश्न नाही, तिच्यावर आणखी पैसे घालायचे का हा आहे. आणि तो निर्णय २०३१ च्या बराच आधी कुठल्यातरी कंटाळवाण्या बजेटच्या परिशिष्टात होईल, तेव्हा सभागृहात कोणी नसेल.

निव्वळ_वाचक

आकडेमोड, दंडवत.

दक्षिणवारा

फ्लॉरिडाचं नाव निघालंच आहे तर दुसरी बाजूही ऐका. आम्ही मायामी-डेड काउंटीत. डोरालची भट्टी १९८२ ची. १२ फेब्रुवारी २०२३ ला आग लागली ती विझायला तीन आठवड्यांच्या आसपास लागले. भट्टी गेली ती गेलीच. तेव्हापासून नवी कुठे बांधायची यावर भांडण चालू आहे. डोराल नको म्हणतं, विमानतळाच्या जुन्या धावपट्टीची जागा सुचवली तर शेजारचा मिरामार नको म्हणतो, मेडलीच्या नावावर आणखी तिसरे. २०२५ च्या जानेवारीत महापौरांनीच सुचवलं की नवी भट्टी सोडून द्या आणि कचरा बाहेर पाठवत राहा. यात गोल्फ कोर्सवाले बडे शेजारीही उतरले, नाव सांगायची गरज नसावी.

तात्पर्य नाही, फक्त एवढंच सांगतो की आग लागल्यावर ठरवायला बसलात की जो कोणी ट्रक घेऊन उभा असेल त्याच्या दराने जावं लागतं.

ताटवाटी

अवांतर होईल, पण लिहितेच.

गणपतीला आमच्याकडे चारेकशे पानं होतात. थर्मोकोल बंद करून आम्ही 'कंपोस्टेबल' ताटल्या आणल्या, त्याही चांगल्या दुप्पट दराच्या. वेगळे डबे ठेवले, पाट्या लावल्या, दोन मुलं उभी केली. पहिल्या अर्ध्या तासात सगळं शिस्तीत. मग काका लोक आले. श्रीखंडाच्या वाटीत टिश्यू, टिश्यूत प्लास्टिकचा चमचा, वर उरलेली पुरी, आणि सगळं निळ्या डब्यात. मुलं बिचारी हात घालून वेगळं करत होती. आणि हॉलवाल्यांनी शेवटी काय केलं? सगळ्या पिशव्या एकाच कंटेनरमध्ये.

म्हणजे माझ्या दुप्पट दराच्या ताटल्यांची डिकरसनला वीजच झाली. थोडक्यात, बाप्पाने प्रकाश दिला.

टवाळभैरव

हहपुवा! श्रीखंडाचा उष्मांक किती हो बॉयलरवाला?

बॉयलरवाला

चक्क्याचा की आम्रखंडाचा?

सईसखी

ताटवाटी अगदी अगदी. आमच्याकडे हळदीकुंकवालाही हेच.

पण यातच मुद्दा आहे. काउंटीचा निळा डबा बाटल्या-डब्यांना, चाकांचा निळा कागदाला, बागेतला पाला वेगळा. खरकट्याला काय? सगळ्या घरांतून दारात येऊन नेणारी सोय अजून नाही. आणि काळ्या पिशवीत सगळ्यात जड तेच. २०१८ च्या राष्ट्रीय आकडेवारीत लँडफिलला जाणाऱ्या कचऱ्यात २४ टक्के आणि भट्टीत जाणाऱ्यात २२ टक्के अन्न होतं. पाणी भरलेलं अन्न जाळायचं आणि त्याला 'ऊर्जा' म्हणायचं, गंमतच आहे. अन्न लँडफिलला गेलं तर त्याहून वाईट. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा, ईपीएचाच २०२३ चा अहवाल म्हणतो की लँडफिलमधून निसटणाऱ्या मिथेनपैकी ५८ टक्के अन्नामुळे.

म्हणजे भट्टी ठेवा नाहीतर बंद करा, खरकटं काढल्याशिवाय दोन्हीकडे घाटाच.

पाणपोई

सईसखी, हाच मुद्दा मांडायला आले होते. कचऱ्यापासून ऊर्जा म्हणजे फक्त जाळणं असं कोणी सांगितलं?

डीसीचं ब्लू प्लेन्स सांडपाणी केंद्र बघा. मॉन्टगोमरीतलंही बरंच सांडपाणी तिथेच जातं, म्हणजे रानजाई, तुमचंही त्यात योगदान आहे :डोमा:. २०१५ पासून तिथे गाळ आधी दाबाखाली वाफेने शिजवतात, मग हवाबंद टाक्यांत कुजवतात, त्या वायूवर १० मेगावॅटच्या आसपास वीज होते. तुमच्या भट्टीच्या पाचवा भाग, आणि तीही जी गोष्ट नाहीतरी हाताळायचीच होती तिच्यातून. उरलेला गाळ बागेसाठी विकतात.

हॉवर्ड काउंटीत जेसपला अन्नकचऱ्याचा बायोगॅस प्रकल्प झालाय. प्रिन्स जॉर्जेस काउंटी अपर मार्लबोरोला अन्नकचऱ्याचं मोठं कंपोस्ट करते. आणि राज्याचा कायदाही आहे: २०२३ पासून आठवड्याला दोन टन आणि २०२४ पासून एक टन अन्नकचरा करणाऱ्या मोठ्या संस्थांनी तो वेगळा द्यायचा, पण ३० मैलांच्या आत घेणारं केंद्र असेल तरच. या 'तरच' मध्ये सगळं आहे. केंद्र नाही म्हणून कचरा वेगळा नाही, कचरा वेगळा येत नाही म्हणून कोणी केंद्र बांधत नाही.

गोव्यात साळगावला २०१६ पासून ओल्या कचऱ्याचा बायोगॅस होतोय. तिथल्या तक्रारी वेगळ्या, वासाच्या, पण पद्धत ओल्या कचऱ्याला साजेशी आहे.

कढीलिंब

रच्याकने, डिकरसनच्या त्या पाल्याच्या कंपोस्टचं 'लीफग्रो' म्हणून खत मिळतं ते इथे कोणी वापरलंय का? मी मेथीला घालते. पहिल्या वर्षी नुसतंच घातलं तर रोपं पिवळी पडली, आता तिसरा हिस्सा खत आणि बाकी माती. कढीलिंबाला मात्र काहीही घाला, हिवाळ्यात मरायचं ते मरतोच.

सईसखी

कढीलिंब, नोव्हेंबर लागायच्या आत घरात घे आणि पाणी तोड. यासाठी वेगळा धागा आहे, तिकडे ये.

पूल्सव्हिलकर

खतावर आलोत म्हणजे धागा शंभरी गाठणार.

फुरसुंगीबद्दल गावकूस म्हणाल्या ते मनाला लागलं, पण एक फरक सांगतो. भट्टीने डोंगर होत नाही असं नाही. पाव भाग राख होते ना? रोज शेकडो टन. ती व्हर्जिनियातल्या कुठल्यातरी गावाशेजारी रचली जाते. आपल्याला दिसत नाही एवढंच.

फेअरफॅक्सची_वैनी

त्या कुठल्यातरी गावाच्या राज्यात मी राहते हं. आमच्या राज्यात बाहेरून कचरा इतका येतो की आम्ही आता पाहुण्यांची मोजदादच सोडली. आणि भट्टी बंद केलीत तर राखेऐवजी अख्खा कचरा येणार, म्हणजे वजनाने चौपट. पूल्सव्हिलकर, तुमचा धूर जाईल तेव्हा कोणाच्या तरी दारात ट्रक उभे राहतील, आणि त्यांच्याकडे कौन्सिलपुढे बोलायला तीन मिनिटंही नसतील, कारण ती तुमची काउंटीच नाही.

पूल्सव्हिलकर

वैनी, म्हणून तीस वर्षं आम्हीच सोसायचं का?

फेअरफॅक्सची_वैनी

तसं म्हटलं नाही मी. पण 'बंद करा' म्हणताना पत्ता लिहा एवढंच.

टवाळभैरव

दोघांनीही दिवे घ्या. वीज डिकरसनची असो नाहीतर लॉर्टनची.

रानजाई

सगळ्यांचे आभार. धागा काढला तेव्हा हो-नाहीत उत्तर मिळेल असं वाटलं होतं. आकडेमोड यांनी प्रश्नच बदलला.

बॉयलरवाला, एक शंका. भट्टीत तीन बॉयलर आहेत, प्रत्येकी ६०० टन. मग ती एकदम बंद किंवा एकदम चालू असं का? खरकटं बाहेर काढलं, पुठ्ठा-कागद नीट वेगळा झाला, आणि कचरा तिसऱ्या हिश्श्याने घटला, तर एक बॉयलर बंद करता येईल ना? तो जुना झालाय, त्याच्यावर पैसे घालायचे नाहीत, उरलेले दोन चालू. मग दुसरा.

बॉयलरवाला

तांत्रिकदृष्ट्या येईल. दुरुस्तीसाठी एक बॉयलर बंद ठेवून बाकीच्यांवर चालवणं हे तर नेहमीचंच. उलट खरकटं कमी झालं की उरलेला कचरा जास्त चांगला जळेल, त्यामुळे वीज त्या प्रमाणात कमी होणार नाही.

दोन अडचणी. एक, टर्बाइन तिन्ही बॉयलरांच्या वाफेचा असतो, कमी वाफेवर चालतो पण जरा कुरकुरत. दोन, माणसं, गाळण्या, रेल्वे, क्रेन यांचा खर्च कचऱ्याबरोबर घटत नाही, त्यामुळे टनामागचा दर वाढेल. लोकांना मालमत्ता कराच्या बिलात कचऱ्याचा आकडा वाढलेला दिसला की आधी तेच ओरडतील जे आज बंद करा म्हणताहेत.

आकडेमोड

आणि तिसरी अडचण. कुठल्याही भट्टीच्या करारात किमान टनांची हमी असू शकते: एवढा कचरा द्या, नाहीतर तेवढ्याचे पैसे तरी द्या. तशी अट असेल तर कचरा कमी केल्याबद्दल काउंटीलाच भुर्दंड. रानजाई, पहिला प्रश्न हाच विचारा, करारात किमान टनाची अट आहे का, आणि असली तर २०३१ नंतरच्या कुठल्याही करारात ती राहणार का. याचं उत्तर हो किंवा नाही असंच येतं, गोलगोल बोलता येत नाही.

पाणपोई

आणि खरकट्याच्या डब्याची तारीख मागा. 'टप्प्याटप्प्याने' हा शब्द आला की समजायचं, टप्पा एकही नाही.

मोशीकर

मला हे तीन बॉयलरचं आवडलं. आमच्याकडे उलटं होतं, आधी प्रकल्प मोठा बांधतात, मग त्याला पुरेल एवढा कचरा शोधतात. इथे कचरा वेचणाऱ्या बायका सुका माल वेगळा काढतात, त्यावर त्यांची घरं चालतात, आणि भट्टीला नेमका तोच सुका माल हवा असतो. ओला कचरा कोणालाच नको. त्यावर वेगळा धागा काढतो.

निव्वळ_वाचक

मोशीकर, काढाच. मी वाचेन.

रानजाई

तर मसुदा असा झालाय. १) सगळ्या घरांसाठी खरकट्याचा डबा. २) किमान टनाची अट असेल तर ती काढणे. ३) जुन्या बॉयलरवर नवा खर्च नाही, कचरा घटेल तसा एकेक बॉयलर बंद. ४) वैनींसाठी: जो कचरा बाहेर जाईल तो कुठल्या काउंटीत, किती टन, हे दरवर्षी जाहीर करणे.

तीन मिनिटांत बसतंय, मोठ्याने वाचून बघितलं.

पूल्सव्हिलकर

तिसऱ्यात वर्ष घाला. 'कचरा घटेल तसा' म्हणजे नाही घटला तर नाही, हे आम्हाला पाठ आहे. पहिला बॉयलर कधी ते लिहा. मग मीही तुमच्या मागे नाव नोंदवतो.

फेअरफॅक्सची_वैनी

चौथ्याबद्दल धन्यवाद गं. फक्त 'वैनींसाठी' एवढं काढून टाक.

टवाळभैरव

आणि भाषणाची सुरुवात 'पहिला!' अशी करू नका.

रानजाई

काढलं, आणि वर्षही घातलं, २०२९. पूल्सव्हिलकर, मसुदा व्यनि केलाय, बघून सांगा. बॉयलरवाला, टर्बाइनच्या कुरकुरीवर कोणी विचारलं तर काय सांगू तेवढं दोन ओळींत लिहून द्या.